मुंबई ते मोपा, चिपी, दाभोळी: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

दोन विमानतळांमधलं अंतर काढणं सोपं आहे. कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅलक्युलेटर एवढ्यावर पाच मिनिटांत ते निघतं आणि किलोमीटर-दोन किलोमीटरच्या फरकाने बरोबरही येतं. अवघड आहे तो वेळ. मुंबई ते गोवा सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर, जेट विमान ताशी आठशेच्या पुढे, म्हणजे अर्धा तास, असा हिशेब लोक करतात आणि तिकिटावर सव्वा तास दिसला की बुचकळ्यात पडतात. हा फरक कुठून येतो हे एकदा कळलं, की कुठल्याही दोन विमानतळांचा वेळ स्वतः काढता येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोकणातल्या आपल्या गावाला जायला कुठला विमानतळ धरायचा, की सरळ रेल्वेच बरी, हे ठरवता येतं.

आधी विमानतळ नक्की करा

कोकणपट्टीत हल्ली इतके विमानतळ झालेत की पहिली चूक इथेच होते. गोव्यात दोन आहेत. दाभोळी हा जुना, नौदलाच्या तळावरचा, कोड जीओआय. मोपा म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पेडणे तालुक्यात, बांद्याच्या अगदी जवळ, कोड जीओएक्स. मोपावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. तिकीट शोधताना नुसतं ‘गोवा’ लिहिलं तर दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात. सावंतवाडीच्या माणसाने चुकून दाभोळीचं तिकीट काढलं, तर उतरल्यावर त्याला जवळजवळ अख्खा उत्तर गोवा ओलांडून यावं लागतं.

सिंधुदुर्गाचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात चिपी-परुळ्याला आहे, कोड एसडीडब्ल्यू. त्याचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. इथल्या सेवा सुरू होतात, बंद पडतात, मार्ग बदलतात. त्यामुळे बेत आखण्याआधी हव्या त्या तारखेला विमान खरंच विक्रीला आहे का, हे विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर पाहा. रत्नागिरीच्या विमानतळालाही आरटीसी असा कोड आहे. अंतर सांगणारी बहुतेक ॲपं ‘मुंबई ते रत्नागिरी’ असं उत्तर बेलाशक देतात. कोड आहे म्हणजे प्रवासी विमान आहे असं नाही, ॲपला ते कळत नाही.

मुंबईकडेही आता दोन टोकं झाली. जुना विमानतळ बीओएम. नवी मुंबईचा उलवे-पनवेलजवळचा एनएमआय, त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. तिकिटावर ‘मुंबई’ हा शब्द वाचून थांबू नका, तीन अक्षरी कोड वाचा.

सरळ अंतर काढायची पद्धत

यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मोबाइलच्या नकाशावर धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. टर्मिनलवर दाबू नका, कारण विमानतळाचा अधिकृत संदर्भबिंदू बहुधा धावपट्टीच्या आसपास असतो. नेहमी लागणारे आकडे असे, जवळच्या मिनिटापर्यंत:

मुंबई: १९°०५′ उत्तर, ७२°५२′ पूर्व
नवी मुंबई: १८°५९′ उत्तर, ७३°०४′ पूर्व
पुणे: १८°३५′ उत्तर, ७३°५५′ पूर्व
चिपी: १६°००′ उत्तर, ७३°३२′ पूर्व
मोपा: १५°४४′ उत्तर, ७३°५२′ पूर्व
दाभोळी: १५°२३′ उत्तर, ७३°५०′ पूर्व
दुबई: २५°१५′ उत्तर, ५५°२२′ पूर्व

आता एकच गोष्ट लक्षात ठेवायची. अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. वैमानिक आणि खलाशी दोघेही सागरी मैलच वापरतात, कारण नकाशावरचा हिशेब त्यात थेट होतो. रेखांशाचं मिनिट मात्र विषुववृत्तापासून वर जावं तसं आखूड होत जातं, म्हणून त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मुंबई ते गोवा या पट्ट्यात तो गुणक १९ अंशांवर ०.९४६ आणि १५ अंशांवर ०.९६६ असतो. मधला ०.९५५ धरला तर कोकणातल्या कुठल्याही हिशेबाला चालतो.

मुंबई ते दाभोळी करून पाहू. अक्षांशांतला फरक ३ अंश ४२ मिनिटं, म्हणजे २२२ मिनिटं, म्हणजेच २२२ सागरी मैल. रेखांशांतला फरक ५८ मिनिटं, त्याला ०.९५५ ने गुणलं की ५५.४ सागरी मैल. आता शाळेतला पायथागोरस: २२२ चा वर्ग ४९,२८४, ५५.४ चा वर्ग ३,०६९, बेरीज ५२,३५३, वर्गमूळ २२८.८. म्हणजे २२९ सागरी मैल. १.८५२ ने गुणलं की ४२४ किलोमीटर. छापील अंतरंही एवढंच सांगतात.

याच रीतीने मुंबई ते मोपा २०९ सागरी मैल, म्हणजे ३८७ किलोमीटर येतं. मुंबई ते चिपी १८९ सागरी मैल, ३५० किलोमीटर. पुणे ते चिपी साधारण १५७ सागरी मैल, २९० किलोमीटर. नवी मुंबई ते मोपा २०० सागरी मैल, ३७१ किलोमीटर. शेवटच्या आकड्याकडे नीट पाहा. नवी मुंबईहून निघाल्याने हवेत वाचतात फक्त १६ किलोमीटर, म्हणजे जेमतेम एक-दोन मिनिटं. पनवेल, पेण, अलिबाग, महाडच्या माणसाचा खरा फायदा जमिनीवर आहे: वाशीचा पूल, मानखुर्द आणि त्यापुढची सगळी गर्दी टळते.

हिशेब हमखास कुठे चुकतो

अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत ही सगळ्यात मोठी. मोबाइल दशांशात आकडा देतो: १५.७३. जुन्या तक्त्यात अंश-मिनिटं असतात: १५°४४′. हे दोन्ही एकच. पण १५°४४′ घाईत १५.४४ म्हणून टाकलं, तर बिंदू जवळजवळ १८ सागरी मैल दक्षिणेला सरकतो. रेखांशातही तेच केलं आणि ७३°५२′ चं ७३.५२ झालं, तर तुमचा मोपा विमानतळ दोनापावलाच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटर आत अरबी समुद्रात जाऊन पडतो. उत्तर मात्र ४०० किलोमीटरच्या आसपासच येतं, म्हणून शंकाही येत नाही. मिनिटांना ६० ने भागा, मगच दशांश लिहा. आणि काढलेला बिंदू एकदा नकाशावर टाकून बघा.

दुसरी चूक लांबच्या अंतरांची. वरची पद्धत जमीन सपाट धरते. दुबईपर्यंत ते खपतं: मधल्या २२ अंशांचा गुणक ०.९२६ धरला की तिने १,९२७ किलोमीटर येतात, गोलाकार पृथ्वीच्या सूत्राने १,९२६. पण लंडन धरलं तर सपाट पद्धत साडेसात हजारांच्याही पुढे जाते, आणि खरं अंतर ७,२१० किलोमीटरच्या आसपास आहे. साडेतीनशे किलोमीटरची ही फट पडते कारण लांबवरचा सगळ्यात आखूड रस्ता नकाशावर सरळ दिसत नाही, तो उत्तरेकडे फुगीर जातो. दोनेक हजार किलोमीटरच्या पुढे म्हणूनच हे सूत्र वापरा:

अंतर = ६३७१ × व्यस्त कोसाइन [ साइन(अ१) × साइन(अ२) + कोसाइन(अ१) × कोसाइन(अ२) × कोसाइन(रेखांशांतला फरक) ]

अ१ आणि अ२ म्हणजे दोन अक्षांश, व्यस्त कोसाइन म्हणजे कॅलक्युलेटरवरची cos⁻¹ ही कळ, ६३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या किलोमीटरमध्ये. स्प्रेडशीटमध्ये कोन रेडियनमध्ये द्यावे लागतात, म्हणजे अंशांना ०.०१७४५३ ने गुणून. साध्या सायंटिफिक कॅलक्युलेटरवर अंश चालतात, पण व्यस्त कोसाइनचं उत्तरही मग अंशात येतं. ते रेडियनमध्ये बदलूनच ६३७१ ने गुणा, नाहीतर उत्तर ५७ पट फुगतं. जवळच्या अंतरांना हे सूत्र उलट टाळावं. चार-पाच दशांश स्थळं धरणाऱ्या कॅलक्युलेटरवर कंसातलं उत्तर १ च्या इतकं जवळ येतं की मोपा-दाभोळीसारखं अंतर पार बिघडतं.

विमान सरळ रेषेत जात नाही

मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून, समुद्रावरून असतो आणि विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. म्हणून गोव्याला जाणारं विमान आधी जुहूवरून समुद्रात शिरतं आणि मग डावीकडे दक्षिणेला वळतं. येताना तर त्याला मुंबईला वळसाच घालावा लागतो: दक्षिणेकडून आलेलं विमान पूर्वेला जातं, ठाणे खाडीच्या पलीकडून पश्चिमेला तोंड करतं आणि घाटकोपरवरून खाली येतं. खिडकीतून समुद्र दिसत असताना अचानक डोंगर दिसू लागले, की विमान रांगेत लागलं असं समजा. मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत आणि त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरणाऱ्यांची गर्दी झाली की विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावतात. एक घिरटी साधारण चार-पाच मिनिटांची.

या सगळ्यासाठी सरळ अंतरात २५ सागरी मैल मिळवा. मुंबईला उतरणाऱ्या विमानाला संध्याकाळच्या गर्दीत ४० धरले तरी चालेल. लांबच्या प्रवासाला ३० ते ५० पुरतात. वळसे दोन टोकांनाच असतात, मधल्या मार्गावर फार नाही. त्यामुळेच जवळच्या प्रवासाला त्यांचा भार जास्त जाणवतो.

मिनिटांचा हिशेब

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखं जेट वर गेल्यावर ४५० नॉटच्या आसपास उडतं. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, तेव्हा मिनिटाला साडेसात सागरी मैल झाले. पंख्याचं एटीआर ७२ सुमारे २७० नॉटने जातं, मिनिटाला साडेचार. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो जरूर वाचा. एकाच मार्गाला दोन वेगवेगळे वेळ दिसतात ते बहुधा याचमुळे.

पण हा वेग वर गेल्यावरचा. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, चढताना इंजिनाची ताकद उंची मिळवण्यात जाते आणि उतरताना वेग टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो. मुंबई-गोव्यासारख्या मार्गावर जेट वर पोचतं आणि लगेचच उतरायला लागतं, पूर्ण वेगाचा काळ फार थोडा मिळतो. या तोट्यापोटी जेटला १० मिनिटं मिळवा. एटीआरचा मुळातला वेगच कमी असल्याने त्याचा तोटाही कमी, ५ मिनिटं पुरतात.

यापुढे जमिनीवरचा वेळ येतो आणि नेमका हाच भाग लोक विसरतात. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान हवेत झेपावण्याची वेळ नव्हे, ते जागेवरून मागे ढकललं जातं ती वेळ. पोचण्याची वेळ म्हणजे ते दुसरीकडे जागेवर येऊन थांबतं ती. मुंबईत मागे ढकलल्यापासून धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन नंबर लागेपर्यंत १५ ते २० मिनिटं सहज जातात, गर्दीला अर्धा तासही. मोपा-दाभोळीला ५ ते ८ मिनिटं. चिपीला तर उतरल्यावर तीन-चार मिनिटांत दार उघडतं.

आता मुंबई-दाभोळी, जेटने: २२९ अधिक २५ म्हणजे २५४ सागरी मैल, भागिले साडेसात, ३४ मिनिटं. चढ-उताराची १० मिळवली, ४४ मिनिटं हवेत. मुंबईत जमिनीवर १८, दाभोळीला ६. एकूण ६८ मिनिटं. वेळापत्रकात हे एक तास दहा मिनिटांपासून सव्वा तासाच्या पुढेपर्यंत दिसतं. वरची जी काही मिनिटं असतात ती विमान कंपनी उशिराची सोय म्हणून घालते. म्हणूनच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधी कधी दहाच मिनिटं उशिरा पोचतं. वैमानिकाने वेग वाढवलेला नसतो, शिल्लक ठेवलेली मिनिटं कामी आलेली असतात.

मुंबई-चिपी, एटीआरने: १८९ अधिक २५ म्हणजे २१४, भागिले साडेचार, ४८ मिनिटं, अधिक ५, अधिक मुंबईत १८, चिपीला ४. सव्वा तास. अंतर गोव्यापेक्षा ७४ किलोमीटरने कमी, तरी वेळ थोडा जास्तच. पुणे-चिपी एटीआरने काढलंत तर तासाभराच्या आसपास येईल. त्याच पुण्याहून कुडाळला घाट उतरून गाडीने सात-आठ तास लागतात, म्हणून हा मार्ग चालू असेल तेव्हा तो सोडू नये.

वारा आणि आखाताचा प्रवास

मुंबई-गोवा हा उत्तर-दक्षिण प्रवास असल्याने वरचा वारा बहुतेक बाजूने लागतो, मिनिटांत फारसा फरक पडत नाही. आखाताच्या बाबतीत मात्र तो हिशेबात धरलाच पाहिजे, आणि रत्नागिरी-चिपळूण-खेडपासून वर श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत हा प्रवास घरोघरी आहे.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून आणि अरबी समुद्राच्या वरच्या भागातून उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. समजा तो समोरून ६० नॉट लागला. मुंबई-दुबई सरळ १,०४० सागरी मैल, वळसे धरून १,०७०. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ३९० नॉट, म्हणजे मिनिटाला साडेसहा मैल: १६५ मिनिटं. चढ-उताराची १० आणि दोन्हीकडच्या जमिनीवरची २८ मिळवली की २०३, म्हणजे तीन तास तेवीस मिनिटं. येताना तोच वारा पाठीमागून, वेग ५१० नॉट, १२६ मिनिटं, सगळं धरून दोन तास चाळीस-पंचेचाळीस. एकाच मार्गावर जाता-येता चाळीसेक मिनिटांचा फरक. पावसाळ्यात वरचं वारं पूर्वेकडून वाहू लागतं, तेव्हा हा फरक कमी होतो, कधी उलटाही होतो. वेळापत्रक हंगामी असतं, त्यामुळे जानेवारीचा वेळ जुलैला लावू नका.

घड्याळाचा घोळही इथेच होतो. तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. दुबई आणि मस्कत भारतापेक्षा दीड तास मागे. कुवेत, दोहा, रियाध, जेद्दा अडीच तास मागे. मुंबईहून सकाळी १०ला सुटून दुबईला ११.४५ला पोचणारं विमान पावणेदोन तासांत जात नाही. त्यात दीड तास मिळवा, सव्वातीन तास झाले. परतीला तोच दीड तास वजा करायचा: दुबईहून दुपारी १ला सुटून मुंबईला ५.३०ला, साडेचार वजा दीड, तीन तास. घरच्यांना न्यायला बोलवायचं तर त्यांना इथली, मुंबईची वेळ सांगा, हिशेब त्यांच्यावर सोडू नका.

घरापासून घरापर्यंत

कोकणात विमानाने किती वेळ वाचतो हे उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजावं. दादरहून सावंतवाडी धरू. दादरहून विमानतळावर पाऊण ते एक तास. बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाचा सामानाचा काउंटर ६० मिनिटं आधी आणि गेट २५ मिनिटं आधी बंद करतात, म्हणून किमान दीड, गणपतीत दोन तास आधी पोचावं. विमान सव्वा तास. मोपाला बॅग मिळेपर्यंत अर्धा तास. मोपाहून धारगळच्या जोडरस्त्याने महामार्गाला लागून सावंतवाडी तीसेक किलोमीटर, पाऊण तास. बेरीज पाच तासांच्या आसपास. रस्त्याने जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण तेच कणकवलीसाठी काढा. मोपाहून कणकवली ऐंशी किलोमीटरच्या पुढे, म्हणजे आणखी तासभर. बेरीज सहा तास आणि वर. पावसाळी वेळापत्रक लागू नसताना वंदे भारत दादरहून कणकवलीला सुमारे सहा तासांत सोडते, तेही एकाच बैठकीत, बॅग स्वतःच्या डोक्यावरच्या फळीवर. कणकवलीच्या उत्तरेला, म्हणजे वैभववाडी, राजापूर, लांजा, रत्नागिरी या पट्ट्यात, गोव्याच्या विमानाचा आग्रह धरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. रत्नागिरीला हवाई मार्गानेच यायचं असेल, समजा दिल्ली-हैदराबादकडून, तर कोल्हापूरही पडताळून पाहा. तिथून आंबा घाटाने रत्नागिरी १३० किलोमीटर आहे. चिपळूण-खेडकरांनी मुंबई, नवी मुंबई किंवा पुणे यांपैकीच एक धरावा.

मालवण, वेंगुर्ले, कुडाळ यांना चिपी सगळ्यात सोयीचा. कुडाळ स्टेशन तिथून पंचवीसेक किलोमीटर आहे. तिथे चोवीस तास टॅक्सी उभी नसते. निघायच्या आदल्या दिवशीच गावातल्या ओळखीच्या गाडीवाल्याला विमानाचा नंबर देऊन ठेवा. नुसती वेळ दिलीत तर उशीर झाल्यावर तो परत जातो, नंबर असला की मोबाइलवर विमान कुठे आहे ते त्याला दिसतं.

जमिनीवरचं अंतर सरळ अंतरावरून काढताना कोकणाचा स्वतःचा गुणक लागतो. सपाट मुलुखात सरळ अंतराला सव्वाने गुणलं की रस्ता निघतो. कोल्हापूर-रत्नागिरी घाट असूनही तसंच आहे: विमानतळापासून विमानतळ सरळ १०८ किलोमीटर, रस्ता १३० च्या आसपास. पण किनाऱ्याला समांतर जायचं झालं की खाड्या आडव्या येतात. दाभोळी ते मोपा सरळ रेषेत फक्त ३९ किलोमीटर, रस्त्याने साठच्या वर, कारण मधे जुवारी, मांडवी आणि शापोरा, तिन्ही ओलांडायच्या आणि पूल जिथे आहेत तिथूनच जायचं. किनाऱ्यालगत दीडने गुणा आणि वेग महामार्गावर ताशी ६०, आतल्या रस्त्यांवर ३० ते ३५ धरा. तवसाळ-जयगडसारखी फेरीबोट वाटेत असेल, तर शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या. रात्री उशिराच्या विमानाने उतरून ती चुकली तर लांबचा फेरा पडतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वरचे सगळे हिशेब खालच्या बाजूचे समजा. ढग खाली येतात, पावसाच्या सरीत धावपट्टी दिसत नाही आणि समुद्रावरचा वारा आडवा लागतो. जिथे विमानाला रेडिओ किरणांवर खाली आणणारी यंत्रणा, म्हणजे आयएलएस, आहे तिथे वैमानिक बरंच खाली येऊन धावपट्टी शोधू शकतो. जिथे नाही तिथे त्याला जास्त उंचीवरूनच ती दिसावी लागते, नाही दिसली तर वर जाऊन पुन्हा प्रयत्न किंवा दुसरीकडे. पुन्हा प्रयत्न म्हणजे १२ ते १५ मिनिटं. वळवलेलं विमान बेळगाव, हैदराबाद, बंगळूरू असं कुठेही उतरू शकतं, आणि तिथून हवामान निवळल्यावर परत येतं. छोट्या विमानतळावर दिवसाला एखादंच विमान असतं, ते रद्द झालं तर पुढचं उद्या किंवा परवा. म्हणून चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळचं विमान धरू नये. दोन दिवस आधीचं, तेही शक्यतो सकाळचं किंवा दुपारचं धरा, म्हणजे वळवलं गेलं तरी हाताशी उजेड आणि गाड्या राहतात.

जोडविमान असेल तर

मोपाहून मुंबईमार्गे आखातात किंवा युरोपात जाताना दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. मग पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते आणि बॅगही बहुधा पुढे परस्पर जाते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर जबाबदारी तुमची. अशा वेळी मुंबईत टर्मिनल पाहा: टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडे, टर्मिनल २ सहारला, आणि दोन्हींमधलं अंतर बाहेरच्या रस्त्याने गाडीने कापावं लागतं. बॅग घेणं, बाहेर येणं, दुसरीकडे जाणं, परदेशाच्या उड्डाणाला तीन तास आधी हजर असणं, सगळं धरून पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका, पावसाळ्यात सात. पहिलं विमान नवी मुंबईला उतरत असेल आणि दुसरं सहारहून सुटत असेल, तर मधे चाळीसेक किलोमीटरचा मुंबईचा रस्ता आहे. त्याचे दोन तास वेगळे धरा. वर सांगितलेला कोड वाचायचा तो इथे, पैसे भरण्याच्या आधी: उतरण्याचा कोड आणि पुढच्या सुटण्याचा कोड सारखाच आहे ना?